भंगारातील षड्ज आणि आपली पांढरपेशी लाज

नोकरीनिमित्त परमुलखात राहणाऱ्या मराठी माणसाच्या घरी तीन वस्तू हटकून आढळतात: देवघरातला गणपती, कपाटातला दासबोध आणि पलंगाखाली चादरीत गुंडाळून ठेवलेला मुलाचा कीबोर्ड. पहिल्या दोहोंविषयी मला काही म्हणावयाचे नाही. तिसऱ्याचे चरित्र मात्र एकदा कोणीतरी लिहिलेच पाहिजे. मूल आठ वर्षांचे झाले की तो येतो. वर्षभर त्यावर वाढदिवसाचे एक विलायती गाणे आणि राष्ट्रगीताची पहिली ओळ वाजते. पुढे त्यातील बॅटरीचे सेल पाझरतात, आणि तिसऱ्या बदलीच्या वेळी सामान आवरताना तो कबाडीवाल्याच्या हातगाडीवर चढतो. एवढ्या अवधीत त्या मुलाला, किंवा त्याच्या बापाला, ह्या पेटीच्या पोटात सूर उपजतो तरी कसा, असा प्रश्न एकदाही पडत नाही. तो पडू नये अशीच तिची रचना असते. तळाचे स्क्रू काढले तर हमी रद्द होते.

हे लिहिण्यास निमित्त घडले ते असे. आमच्या गोमतीनगरात विनय, विवेक, विराम, विभूती अशी ‘वि’ने आरंभ होणारी खंडांची नावे आहेत, ‘विवाद खंड’ तेवढा आमच्या मराठी मंडळाने अलीकडे उघडला. महिन्यातून दोन रविवार मंडळाची खोली द्यावी, दहा ते चौदा वर्षांच्या मुलांना घरातील मोडक्या विजेच्या वस्तूंतून स्वर काढणारी छोटी यंत्रे, म्हणजे सिंथेसायझरची सुटी मॉड्यूले, बांधावयास शिकवावे, असा अर्ज मी केला होता. कार्यकारिणीने तो फेटाळला आणि त्याच बैठकीत एकसष्ट पट्ट्यांचा नवा कीबोर्ड घेण्यास मंजुरी दिली. इतिवृत्तात कारण नोंदले आहे ते ‘मंडळाच्या सांस्कृतिक उद्दिष्टांशी सुसंगत नाही’ हे. चहाच्या वेळी बोलली गेलेली कारणे निराळी होती, आणि माझा वाद त्या न नोंदलेल्या कारणांशी आहे. ती केवळ आमच्या मंडळाची नव्हेत. नागपूरपासून गुवाहाटीपर्यंत जेथे जेथे आपली बदली होते, तेथे तेथे ती आपल्याबरोबर ट्रंकेतून जातात.

प्रथम ती वस्तू काय आहे हे सांगितले पाहिजे, कारण फेटाळणाऱ्यांपैकी एकानेही ती ऐकली नव्हती. ४०१०६ ह्या क्रमांकाची एक चौदा पायांची आयसी बाजारात चहा-समोशाच्या किमतीत मिळते. तिच्यात सहा दरवाजे असतात. आत येणारा विद्युद्दाब एका मर्यादेवर चढला की बाहेरचा खाली पडतो. आतला दुसऱ्या, खालच्या मर्यादेखाली उतरला की बाहेरचा पुन्हा वर जातो. ह्या दोन मर्यादांमध्ये अंतर ठेवलेले असते आणि सारे मर्म त्या अंतरात आहे. बाहेरच्या टोकापासून आतल्या टोकापर्यंत एक रोध, म्हणजे रेझिस्टर, जोडावा आणि आतले टोक एका कंडेन्सरमधून बॅटरीच्या ऋण टोकाला बांधावे. कंडेन्सर हौदासारखा भरत जातो, वरची रेघ ओलांडतो, दरवाजा उलटतो, हौद रिता होऊ लागतो, खालची रेघ येते, दरवाजा पुन्हा उलटतो. हे अविरत चालते. एक लाख ओहमचा रोध, दशांश मायक्रोफॅरडचा कंडेन्सर आणि नऊ व्होल्टची बॅटरी घेतली तर सेकंदाला सुमारे शंभर ते सव्वाशे वेळा. जुन्या संगणकाच्या स्पीकरला तार लावली की स्वर ऐकू येतो. एका आयसीत असे सहा स्वर.

बाकीचे सामान विकत घ्यावयाचे नाही. बिघडलेल्या रेडिओतील आवाजाचा खटका फिरता रोध म्हणून चालतो. बंद पडलेल्या खेळण्यातील बझरची पितळी चकती पोळपाटाला चिकटवली की पोळपाटावरचे प्रत्येक बोट विजेत उमटते. दिवसाच्या उजेडात आपोआप विझणाऱ्या दिव्यात उजेडाने रोध बदलणारी एक टिकली असते. तिच्यावर हात धरला की सूर मींडेसारखा उतरतो. डबा बिस्किटांचा. अशा एकेका डब्याने एकच काम करावे, स्वर काढावा, किंवा तो चिरावा, किंवा त्याला हेलकावा द्यावा, आणि डबे एकमेकांना तारांनी जोडावेत, ही कल्पना अमेरिकेत रॉबर्ट मूग व डॉन बुक्ला ह्या दोघांनी १९६४ च्या सुमारास स्वतंत्रपणे प्रत्यक्षात आणली. आपल्यापैकी तारखात्यातून निवृत्त झालेल्यांनी हाताने जोडण्या करावयाचा जुना टेलिफोन-फळा आठवावा, आकृती तीच.

आता ह्यात संस्कृती कोठे आहे, असा सवाल आहे. ती फिरत्या रोधात आहे. रोध निम्मा केला की आंदोलने दुप्पट होतात आणि षड्ज तार सप्तकात जातो. तार निम्मी दाबली की जे होते तेच हे. सतराव्या शतकात अहोबलाने ‘संगीत पारिजात’ ग्रंथात वीणेच्या तारेची लांबी विभागून स्वरांची स्थाने सांगितली. त्या विभागणीचे गणित अकरा वर्षांच्या मुलाच्या बोटाखाली एका खटक्यात येते, आणि कानाला पटते. पाठ करावे लागत नाही.

ह्याहून महत्त्वाचे गंधाराचे आहे. आपल्या पाठ्यपुस्तकांच्या प्रथेप्रमाणे षड्ज २४० आंदोलनांचा धरा. षड्जाशी पाचास चार ह्या प्रमाणात जुळणारा गंधार ३०० वर येतो. तंबोरा नीट लागला की खर्जाच्या तारेतून आपोआप उमटणारा तो हा. कीबोर्डाच्या पट्टीवरचा गंधार ३०२.४ वर असतो. कारण कारखान्याने सप्तकाचे बारा सारखे तुकडे पाडले आहेत. युरोपातील सुरावट वाटेल त्या पट्टीत नेता यावी म्हणून केलेली ती सोय आहे, आणि त्यांच्यापुरती ती योग्यही आहे. परंतु एक आंदोलक ३०० वर आणि दुसरा ३०२.४ वर लावून दोन्ही एकदम वाजवा. सेकंदाला दोन-तीन या गतीने आवाज फुगतो आणि ओसरतो. खटका हळूहळू फिरवीत आणा, लाटा मंदावतात, लांबतात, आणि एका क्षणी पाणी स्तब्ध होते. बेसूर आणि सुरेल ह्यांतील भेद कोणत्याही मुलाला ह्याहून स्वच्छ दाखविता येईल असे मला वाटत नाही. मंडळाच्या एकसष्ट पट्ट्यांत हा प्रयोग होऊच शकत नाही, कारण तेथे गंधार फिरत नाही. महागड्या कीबोर्डांत स्वरस्थाने बदलण्याची सोय असते हे मला ठाऊक आहे. ती कोणत्या घरी उघडली गेली आहे ते मला कोणी दाखवावे.

‘यंत्राचा आवाज म्हणजे संगीत नव्हे’ हा पहिला आक्षेप. हे वाक्य ज्या गृहस्थांनी उच्चारले त्यांच्या डाव्या हाताला पेटी ठेवलेली होती, आणि तिच्याच साथीवर थोड्या वेळाने एक नाट्यपद व्हावयाचे होते. पेटी म्हणजे फ्रेंच कारागीर देबँ ह्याने १८४२ साली पॅरिसमध्ये आपल्या नावे नोंदविलेले यंत्र. पायभात्याच्या त्या यंत्राला हातभाता बसवून त्याचे भारतीय रूप कलकत्त्यात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घडले. ह्याच पेटीस आकाशवाणीने १९४० पासून तीन दशके आपल्या केंद्रांत बंदी केली होती. १९७१ नंतर ती बंदी सैल होत गेली. बंदीवाल्यांचे म्हणणे खोटे नव्हते: पेटीला मींड नाही, तिच्या श्रुती ठरीव. तरीही गोविंदराव टेंब्यांसारख्यांच्या बोटांनी ती मराठी रंगभूमीची झाली, आणि आज पेटीवाचून नाट्यपद आपल्याला पोरके वाटते. यंत्र परके की आपले हे ते वाजविणारे, उघडणारे, दुरुस्त करणारे हात ठरवितात. मिरजेच्या तंबोऱ्याच्या भोपळ्यालाही कोणीतरी एकदा प्रथम हात घातलाच असेल. त्या दिवशी शेजाऱ्यांनी काय म्हटले असेल, ह्याची कल्पना मला आता करता येते.

आणि हा उद्योग सरकारी माणसाला शोभत नाही, असे म्हणणाऱ्यांना मी कृष्णाजी बल्लाळ देवल ह्यांचे नाव सांगतो. देवल सांगलीचे, निवृत्त डेप्युटी कलेक्टर. निवृत्त अधिकाऱ्याने काय करावे ह्याविषयी आपल्यात जे संकेत आहेत, ते बाजूस सारून ह्या गृहस्थांनी तारांवर स्वरांची मोजदाद मांडली, अब्दुल करीम खाँसाहेबांसारख्या गवयाचे साहाय्य घेतले, १९१० साली बावीस श्रुतींवर इंग्रजीत पुस्तक प्रसिद्ध केले, आणि क्लेमंट्स ह्या न्यायखात्यातील इंग्रज अधिकाऱ्याच्या जोडीने श्रुतींची पेटी सिद्ध करविली. १९१६ साली बडोद्यास भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय संगीत परिषदेत तिच्यावर कडाक्याचा वाद झाला व ती मान्य झाली नाही. तिला विरोध करणाऱ्या पक्षाचे अग्रणी होते विष्णु नारायण भातखंडे.

हे दुसरे नाव आम्हा लखनौकरांच्या फारच जवळचे. मुंबईच्या ह्या वकिलाने १९२६ साली येथे मॅरिस कॉलेज उभे केले. श्रीकृष्ण नारायण रातंजनकरांनी ते दीर्घकाळ चालविले. १९६६ पासून ते भातखंड्यांच्याच नावाने ओळखले जाते आणि आज विद्यापीठ आहे. कैसरबागेत त्याच्यावरून जाताना आपली मान उगाच ताठ होते. आमच्या चर्चेत एकाने नेमका हाच आधार काढला: भातखंड्यांनीच बारा स्वर मानले, तेव्हा कीबोर्डाच्या बारा पट्ट्या शास्त्रशुद्ध ठरल्या! भातखंड्यांवर ह्याहून मोठा अन्याय करता येणार नाही. त्यांचे बारा स्वर ही राग लावून ठेवण्यासाठी केलेली बारा खणांची मांडणी आहे. प्रत्येक खणात स्वर नेमका कोठे बसेल ते गवयाने गळ्याने दाखवावयाचे असते. श्रुती आकड्यांनी खिळवून टाकावयास ज्यांचा विरोध, त्यांनी कारखान्याच्या आकड्यांनी खिळविण्यास संमती दिली असती काय? देवल आणि भातखंडे ह्यांच्यात कोण बरोबर, हा निवाडा करण्याचा माझा अधिकार नाही. दोघेही कानाने भांडत होते एवढे मला दिसते. आम्ही खरेदीच्या पावतीने भांडतो.

देवलांच्या प्रयत्नात एक गोष्ट मात्र मला खुपते. पेटी कल्पिली सांगलीत, आणि घडविली गेली लंडनच्या मूर ह्यांच्या कारखान्यात, १९११ साली. डोके येथले, हात तेथले. साठ वर्षांनी हीच वाटणी अहमदाबादेत पुन्हा दिसली. १९६९ साली तेथील राष्ट्रीय डिझाइन संस्थेत एक मूग सिंथेसायझर आणण्यात आला. गीता साराभाई, अतुल देसाई, एस. सी. शर्मा, आय. एस. माथुर, जिनराज जोशीपुरा ह्या मंडळींनी त्यावर खरोखरीचे नवे काम केले. काही वर्षांतच ते थांबले. त्या ध्वनिफिती संस्थेच्या संग्रहात पडून राहिल्या, पॉल पर्गस ह्या ब्रिटिश कलावंताच्या त्या नजरेस आल्या, आणि १९६९ ते १९७२ मधील निवडक काम २०२३ साली प्रसिद्ध झाले. ते ऐकताना अभिमान वाटतो आणि थोड्या वेळाने चीड येते. हे यंत्र मांडून द्यावयास आलेले डेव्हिड ट्यूडर स्वतः हाताने मंडले जोडून टेबलभर स्वनिर्मित पेट्यांवर संगीत करणारे गृहस्थ होते. यंत्राइतकीच त्यांची ती रीतही येथे रुजली असती, दहा जणांनी घरी जाऊन दहा वेड्यावाकड्या पेट्या बांधल्या असत्या, तर एका महागड्या यंत्राच्या नशिबावर सगळे अवलंबून राहिले नसते, असे माझे मत आहे.

उलट उदाहरण बंगळुरूचे. जी. राज नारायण हे अभियंते आणि बासरीवादक. १९७९ च्या सुमारास त्यांनी इलेक्ट्रॉनिक तंबोरा बांधला. आज गावोगावच्या गायनाच्या शिकवण्या त्याच्या आधाराने, किंवा फोनवरच्या त्याच्या वंशजांच्या आधाराने, चालतात. ‘फोनवर फुकट तंबोरा मिळत असता हा खटाटोप कशाला?’ असे विचारणाऱ्यांनी तो फुकट तंबोरा कोणाच्या खटाटोपातून आला ते पाहावे. आणि आपल्यातलेच मुंबईचे डॉ. विद्याधर ओक: पेशाने डॉक्टर, आणि बावीस श्रुतींची पेटी त्यांनी आपल्या हयातीत सिद्ध करून दाखविली. देवलांचे अपुरे काम शंभर वर्षांनी एका डॉक्टराने पुढे न्यावे, आणि आम्ही मंडळाच्या खोलीत डाखकामाचा वास नको म्हणून खिडक्या लावून घ्याव्या!

कारण मूळ दुखणे तेच आहे, वास. चहाच्या वेळी एक वरिष्ठ सद्गृहस्थ मला जवळ घेऊन प्रेमाने म्हणाले, “अहो, तुम्ही पदवीधर. आमची मुले उद्या परीक्षांना बसायची. त्यांच्या हातात हे मेकॅनिकचे हत्यार कशाला?” त्यांच्या प्रेमाविषयी मला शंका नाही. परंतु ह्या वाक्यात आपल्या पांढरपेशा समाजाचा शंभर वर्षांचा इतिहास साठला आहे. तंबोरा छेडणारा हात आदरणीय. तंबोऱ्याचा भोपळा कोरणारा हात आपल्या पंक्तीला नाही. गवय्याच्या मैफलीचे फोटो भिंतीवर. मिरजेच्या सतारमेकराचे नाव विचारा, घरात कोणालाही सांगता येत नाही. इंग्रजांच्या राज्यात कारकुनी मिळाली, तीबरोबर ही स्पृश्यास्पृश्यता पक्की झाली, आणि कारकून म्हणून मला हे बोलण्याचा इतरांपेक्षा थोडा अधिक हक्क आहे असे मी समजतो. वर्षाकाठी आम्ही निरुपयोगी वस्तूंच्या याद्या करतो. वित्तीय नियमावलीतील २१७ वा नियम आम्हाला तोंडपाठ. ‘दुरुस्तीयोग्य नाही’ हे शब्द लिहिताना ती वस्तू उघडून पाहिलेला कारकून माझ्या पाहण्यात नाही. (सरकारी भंगाराला हात लावा असे मी सुचवीत नाही, ते लिलावातच गेले पाहिजे. मी आपापल्या घरच्या पलंगाखालच्या भंगाराबद्दल बोलतो आहे.)

येथील चौकाजवळ नख्खासला रविवारी जुना बाजार भरतो. तेथे फुटक्या रेडिओंच्या ढिगाशी बसलेला पंधरा-सोळा वर्षांचा एक मुलगा रोधाच्या अंगावरचे रंगीत पट्टे पाहून त्याचे मूल्य सांगतो. तपकिरी, काळा, पिवळा: एक लाख. मला तक्ता पाहावा लागतो. त्याला कोणी संगीत शिकविलेले नाही आणि आमच्या मुलांना कोणी पट्टे शिकविलेले नाहीत. माझ्या अर्जात एक ओळ अशीही होती की, वर्गाला त्या बाजारातल्या दोन-तीन मुलांना बोलवावे, त्यांनी हात शिकवावा, आमच्यांनी सारेगम. अर्ज कोणत्या ओळीवर पडला असेल, ह्याचा तर्क वाचकांनी करावा.

विरोधकांची दोन म्हणणी मला मान्य आहेत. हे यंत्र कर्कश बोलते. त्याची लहर चौकोनी असते, तंबोऱ्याची झारीव जवारी तिच्यात नाही. शिवाय ते चळते. बॅटरी उतरली की सूर सरकतो, आणि लखनौच्या मे महिन्यात दुपारी लावलेला षड्ज संध्याकाळी जागेवर सापडत नाही. त्यावर ख्याल गाता येणार नाही आणि कोणी गाऊ नये. चळतो म्हणून तो पुन्हा पुन्हा लावावा लागतो, आणि लावणे हीच येथे तालीम आहे. दुसरे म्हणणे सुरक्षिततेचे. ते तर माझ्या अर्जातच होते. नऊ व्होल्टच्या बॅटरीपलीकडे जावयाचे नाही. काचेच्या मोठ्या नळीचे जुने दूरचित्रवाणी संच, मायक्रोवेव्ह, इन्व्हर्टर ह्यांना मुलांनी स्पर्शही करू नये. बंद अवस्थेतही त्यांत जिवावर बेतेल इतकी वीज साठून राहू शकते. डाख शिशाविरहित वापरावा, खिडकी उघडी असावी, हात धुवावेत. ह्यापेक्षा अधिक अपघात आपल्या दिवाळीत होतात.

मंडळाने कीबोर्ड जरूर घ्यावा. माझी मागणी कमी करून ती येथे पुन्हा मांडतो, कारण हा अंक कार्यकारिणीतील बहुतेकांच्या घरी जातो. दोन नव्हे, महिन्यातून एक रविवार, सकाळी नऊ ते अकरा. एक लांब टेबल, सहा मुले, त्यांपैकी दोन मंडळाबाहेरची. आयसी, डाख आणि बॅटरी ह्यांचा खर्च मी करीन. नवा कीबोर्ड त्या दोन तासांपुरता टेबलावर असावा; त्याच्या गंधाराजवळ आमचा गंधार ठेवून पाहावयाचा आहे, आणि त्या वेळी कार्यकारिणीचे एक सदस्य खोलीत हजर राहतील तर बरे.